अकरा पायऱ्यांची पाखाडी

सुमनताई,

मागच्या रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग आदरांजलीची भाषणं. फोटो तुझ्या मतदान कार्डावरचा, मोठा करून लावलेला. त्यात तू कुणीतरी दटावून उभी केल्यासारखी दिसतेस. चार जण बोलले आणि चौघांनीही 'रुग्णसेवा' हा शब्द काढला. तू असतीस तर मागच्या रांगेतून आवाज आला असता, "सेवा नाय ओ, काम हाय. शिकून करायचं काम." मला उठून हे सांगायचं होतं. उठले नाही. गेली दोन वर्षं मी गप्प बसण्यात तरबेज झाले आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपण दोघी पुनर्वसन तंत्रज्ञ. तू बिनकागदाची, मी डिप्लोमावाली. केंद्राच्या पाटीवर डॉक्टरांचं नाव, त्याखाली फिजिओथेरपिस्ट मॅडमचं, आपलं कुठेच नाही. व्यायाम कोणते ते मॅडम ठरवणार. पण अर्धांगवायूने लुळं पडलेलं, नाहीतर आंब्यावरून पडून कंबरेत मोडलेलं माणूस प्रत्यक्ष उठवायचं, बसवायचं, चालवायचं, त्याचा पट्टा कसा बांधायचा ते घरच्यांना शिकवायचं, हे सगळं आपल्याकडे. लोक आपल्याला मालीशवाल्या म्हणायचे आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. तू म्हणायचीस, "म्हणू दे. उभा ऱ्हायला की नाव विचारील." कुणी विचारलं नाही, ताई. चालायला लागलेला माणूस डॉक्टरांना पेढे देऊन घरी जातो.

मी मुंबईहून डिप्लोमा घेऊन आले तेव्हा मला सगळ्या यंत्रांची नावं पाठ होती आणि माणूस उचलता येत नव्हता. पहिल्याच दिवशी मी एका जाडजूड काकांच्या काखेत हात घातले. तू माझ्या हातावर चापट मारलीस, पेशंटसमोर. "खांदा निखळवशील मेल्ये. कंबरेच्या पट्ट्याला धर." मग दाखवलंस, लुळ्या बाजूला उभं राहायचं, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला लावायचा, आणि थांबायचं. "मनात दहा मोज. तोवर त्यानं काय केलं नाय तर मग हात लाव." मला वाटलं, दहा म्हणजे काय, चुटकीसरशी. ताई, समोर माणूस थरथरत असताना दहापर्यंत मोजणं हे मी अजून शिकतेच आहे. सहा-सातला हात पुढे जातो.

आणि ती मिरकरवाड्याची मासळीवाली बाई आठवते? मनगट मोडलेलं. महिनाभर मॅडमने दिलेला रबरी चेंडू दाबत बसायची, तोंड सुतकी. एके दिवशी तू वर्तमानपत्रात गुंडाळून सहा बांगडे आणलेस, हॉलच्या कोपऱ्यात विळी मांडलीस आणि तिला म्हणालीस, "बस." दोन बांगडे होईपर्यंत ती कण्हत होती. तिसऱ्याला तिने तुझी साफ करायची पद्धत कशी चुकीची आहे यावर बोलायला सुरुवात केली. हॉलला दोन दिवस वास येत होता आणि साहेबांनी, म्हणजे केंद्राच्या व्यवस्थापकांनी, तुला बोलावून झापलं. बाहेर आलीस ती हसत. "साहेब शाकाहारी हायत, त्यांना काय कळणार," एवढंच म्हणालीस.

पण तुझी खरी विद्या मागच्या अंगणात होती. हॉलमध्ये सरावाला लाकडी जिना होता, चार पायऱ्या, सगळ्या एका मापाच्या, दोन्ही बाजूंना चकचकीत कठडे. त्यावर माणूस चढला की मॅडम 'पायऱ्या स्वतंत्रपणे चढतो' असं लिहायच्या आणि तो घरी. पण आपल्याकडे घर रस्त्याला लागून असतं कुठे? रस्ता वर, घर खाली, नाहीतर उलट, आणि मध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची पाखाडी. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याएवढी, तिसरा चिरा कधीचाच हललेला. धरायला फार तर एखादी पोफळ. म्हणून कुणालाही घरी सोडायच्या आधी तू त्याच्या घरी जाऊन यायचीस, एसटीने, हातात सुतळी घेऊन. खालच्या पायरीपासून सुरुवात करायची, जेवढी पायरी उंच तेवढ्यावर गाठ. परत आलीस की त्या गाठींवरून अंगणात चिरे रचायचीस, एका वेळी चार-पाच पायऱ्या, त्या माणसाच्या पाखाडीचा एकेक तुकडा जसाच्या तसा. चिरे एका खाणवाल्याने दिले होते, त्याच्या आईला तू चालती केली होतीस. डॉक्टरांनी एकदा विचारलं, हे कुठे शिकलात? तू म्हणालीस, "एक आजी घरी पोचायच्या आधीच पडली, तवा शिकले."

माझ्या डिप्लोम्यात हे नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते जरा गावठीही वाटायचं.

आता ते सांगते, जे आपण दोघींनी कधी उच्चारलं नाही.

तात्या संगमेश्वरच्या पुढच्या एका वाडीतले. उजवी बाजू गेलेली. तीन महिने तू त्यांच्यावर कष्ट घेतलेस. गणपतीला मुलगे मुंबईहून येणार, त्याआधी म्हाताऱ्याला घरी न्यायचं अशी घरच्यांची घाई, पी हळद नि हो गोरी. तुझ्याकडे आणखी दोन पेशंट होते. तू मला म्हणालीस, "अस्मे, वाडीवर तू जाऊन ये. नीट मोज." मी हो म्हटलं. आणि त्याच दिवशी दुपारी बारा वाजता माझी फोनवर मुलाखत होती, आखातातल्या एका हॉस्पिटलसाठी. ती मी तुला सांगितली नव्हती. तुझं एकच पालुपद असायचं, "हितली माणसं हितल्यांनीच उभी करायला पायजेत," आणि मला ते पालुपद ऐकायचं नव्हतं.

मी वाडीवर गेलेच नाही. खोलीवर बसून तात्यांच्या सुनेला, रेश्मावहिनींना, फोन केला. पायऱ्या किती? "सात-आठ असतील." उंच आहेत का? "नाय, आपल्या नेहमीसारख्या." तेवढ्यावर मी पलंगावर बसून सुतळीला सात गाठी मारल्या, सगळ्या वीतभर अंतरावर. मुलाखतीत त्यांनी विचारलं, कोणकोणती यंत्रं चालवता येतात. मी घडाघडा सांगितलं. कळवतो म्हणाले, आणि आजतागायत कळवलेलं नाही.

संध्याकाळी तू सुतळी हातात घेतलीस आणि बोटांनी चाचपत म्हणालीस, "सगळ्या सारख्याच गो?"

"नवीन बांधली आहे पाखाडी," मी म्हटलं.

तू विश्वास ठेवलास. मी खोटं बोलताना इतकी सहज बोलले, की मलाच नंतर कळलं.

तात्या घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी पाखाडीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. तू दुसऱ्याच दिवशी वाडीवर गेलीस. परत आलीस. माझ्या टेबलावर एक सुतळी ठेवलीस आणि कपडे बदलायला गेलीस. मी मोजल्या. अकरा गाठी, आणि चौथी पाचवीपासून जवळजवळ दोन फुटांवर.

त्या रात्री मला झोप आली नाही असं मी म्हणेन तर तेही खोटं. मला झोप लागली. सकाळी साहेबांनी दोघींना बोलावलं आणि विचारलं, मोजमाप कुणाचं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "माझं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दहापर्यंत मोजलं असतं तरी चाललं असतं, तेवढा वेळ होता. मी मूग गिळून बसले.

बाहेर व्हरांड्यात मी तुझा हात धरला तर तू सोडवून घेतलास. "तुझ्याजवळ कागद हाय. माझ्याजवळ काय हाय? आता सगळ्यांची नोंदणी करणार म्हणतायत, मला तशीपण काढणारच. एकीची जायची तर माझी जाऊ दे." मी म्हटलं, मी आत जाऊन सांगते. तू म्हणालीस, "गप बस आता. जा, तो दोन नंबरचा पेशंट बसलाय कवाचा." आणि मी गेले, ताई. दोन नंबरच्या पेशंटकडे गेले. कंत्राट संपल्यावर तुला पुढची ऑर्डर आली नाही. अंगणातले चिरे कुणीतरी कुंपणाला वापरले.

तुझे उपकार मानायला हवे होते. मी मानत होतेही. पण त्याहून जास्त मला तुझा राग यायचा. तुला विचारलं कुणी होतं? तू मला वाचवलंस आणि माझी मान कायमची खाली करून ठेवलीस. तू गावोगावी घरोघर जाऊन कामं करत होतीस. लोकांकडून तुझं कळायचं. "पूर्वी तिकडे होत्या, पण एक माणूस पडला ना त्यांच्याकडून," असंही कळायचं. तेव्हाही मी बोलले नाही.

आपली शेवटची भेट पालीच्या बाजारात, तीन महिन्यांपूर्वी. तू शेंगा निवडत होतीस. म्हणालीस, सायलीला, तुझ्या मुलीला, बारावीनंतर आपल्याच लायनीत घालायचं आहे. तुला काय वाटतं? मी फाडकन म्हटलं, नको. आपलं तिथेच जुंपलं, शेंगवाली बघत बसली.

"माणसं पडायची थांबली काय?" तू म्हणालीस.

"माणसं पडतात, पण पोस्ट कुठे आहे? अकरा महिन्यांचं कंत्राट. पुण्या-मुंबईत जागा आहेत, इथे जिल्ह्यात मोजून. नाहीतर परदेश."

"कागद घेतला आणि हात पण घेतला तर अडणार नाय तिचं. तुझा नुसता कागद, माझा नुसता हात. दोघींनी मिळून एक तंत्रज्ञ झाला." आणि हसलीस.

मला ते लागलं. मी म्हटलं, "हात होता म्हणून काय मिळालं तुम्हाला?" मी तुला कधी नव्हे ते 'तुम्ही' म्हटलं. तेवढ्यात तुझी गाडी लागली. चढताना वळून म्हणालीस, "ये घरी, सावकाशीनं भांडू." मी आले ती थेट तुझ्या फोटोसमोर.

जेवणं झाल्यावर सायली मला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिच्या हातात प्रवेशाचा फॉर्म होता. तिचे काका म्हणतात, या लायनीने तुझ्या आईला डाग लावला, तू नर्सिंगला जा. तिने सरळ विचारलं, "मावशी, आईच्या हातून खरंच चुकलं व्हतं? मला खरं सांग. चुकलं असलं तरी चालंल. पण त्यावर मी ठरवीन."

तिचं नाक तुझ्यासारखं आहे आणि नजरही. कामाची ओढ तिला आहे की तुझा डाग पुसायचा आहे, हे मला कळेना, आणि खोट्यावर तिने आयुष्य ठरवू नये एवढं कळत होतं. मी सगळं सांगितलं. फोन, मुलाखत, सात गाठी, साहेबांसमोरचं माझं तोंड. ती रडली नाही. फॉर्मची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "ती पाखाडी तू अजून बघितलीसच नायस?"

नाही. दोन वर्षांत नाही.

"मग चल. त्या माणसांना सांग. मला सांगून काय उपयोग?"

बुधवारी गेलो. ती पुढे, मी मागे. वाडीच्या वरच्या अंगाला रस्ता संपतो आणि पाखाडी खाली उतरते. मी मोजत उतरले. अकराच. ती उंच पायरी उतरायला मला, एकतीस वर्षांच्या धडधाकट बाईला, बसावं लागलं. चिरे शेवाळून बुळबुळीत झालेले, बाजूला धरायला काही नाही. तिथे बसल्या बसल्या मला कळलं, की नुसती येऊन एकदा उतरले असते तरी पुरलं असतं. सुतळीचीही गरज नव्हती.

तात्या पडवीत खुर्चीवर बसले होते. बसले होते याचंच मला आश्चर्य वाटलं. रेश्मावहिनींकडून कळलं, ताई, की तू दर पंधरा दिवसांनी यायचीस. मला कुणी सांगितलं नव्हतं, सायलीलाही नाही. घरात काठीच्या आधाराने तात्या न्हाणीपर्यंत जातात. पाखाडी मात्र त्यांनी त्यानंतर चढलेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "सुमन नाय आली?" मग त्यांना आठवलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली.

मी सांगितलं. उभ्याने, हात बांधून, शाळेत उभं केल्यासारखं. मोजायला मी यायचं होतं, मी आले नाही, खोट्या गाठी मारल्या, सुमनताईंनी ते स्वतःवर घेतलं. तात्यांच्या तोंडावर काही दिसलं नाही. ते बोलले एवढंच, "आता सांगून पाय येणार हाय काय?" मी नाही म्हटलं. मला वाटलं, झालं, एवढंच ऐकून घ्यायचं होतं.

पण रेश्मावहिनी मटकन खाली बसल्या. उंबऱ्यावरच. पदर तोंडात कोंबून त्या अशा रडायला लागल्या की सायली घाबरली.

"फोनवर सात-आठ मीच सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी कवा मोजल्याच नव्हत्या. रोज डोकीवर हंडा घेऊन चढते, मला काय उंच वाटणार? तात्या पडले तवा मला वाटलं, मी मारलं त्यांना. आमच्या ह्यांना अजून बोलले नाय मी. मुंबईसनं आले की मी त्यांच्या नजरंला नजर देत नाय."

मी म्हटलं, सुमनताईंना सांगायचं होतंत.

"सांगाया गेले की. धा वेळा. त्या म्हणायच्या, झालं गेलं वहिनी, तुम्ही पाय धरा त्यांचा, मी कंबर धरते. मला तोंड उघडूच द्यायच्या नाहीत."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांना म्हटलं, "वहिनी, तुम्हाला विचारायचंच नव्हतं. घरच्या माणसाला आपली पायरी दिसत नाही, म्हणून तर आम्ही येऊन बघायचं. तेच आमचं काम. तुमची चूक नाही." त्या बराच वेळ माझा हात धरून होत्या. तात्यांनी डावा हात पुढे केला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. सायली हे सगळं खांबाला टेकून ऐकत होती.

येताना एसटीत ती म्हणाली, "आईनं तुला वाचवलं. पण या बाईचं काय?" थोड्या वेळाने तिने फॉर्मचं विचारलं. मी तिला जे आहे ते सांगितलं. नोकरीची हमी नाही. कंत्राट असेल, नोंदणी करावीच लागेल, पहिली काही वर्षं बहुधा शहरात काढावी लागतील. यंत्रं शीक, इंग्रजीत चार वाक्यं बोलायला शीक, त्यावाचून घोडं अडतं. उचलायचं कसं ते मी शिकवीन, मला येतं तेवढं. आणि घर बघितल्याशिवाय कुणाला घरी सोडू नकोस, वरून कोणी कितीही घाई केली तरी. तिने ऐकून घेतलं. भरणार की नाही ते बोलली नाही.

काल सकाळी मी साहेबांकडे गेले. मोजमाप कुणाचं होतं ते लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, बघतो, वर कळवतो. माझी ऑर्डर पुढच्या महिन्यात संपते. तुझ्या नावावर आहे ते पुसलं जाईल का, हेही विचारलं. त्यांनी चष्मा परत चढवला आणि कागद फायलीत लावला.

तू चुकलीस, ताई. हे मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं. माझं ओझं तू उचललंस, छान केलंस, सगळे तुला थोर म्हणतील. पण माणूस स्वतः उभं राहायच्या आत हात लावू नये, हे तूच शिकवलंस, आणि माझ्या वेळी तू दहा मोजलेच नाहीस. त्यापायी एक बाई दोन वर्षं नवऱ्याच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. तू असतीस तर चवताळली असतीस, "तुला काय कळतंय मेल्ये" म्हणाली असतीस, आणि मग चहा टाकला असतास. ते भांडण मला हवं होतं. बोलावून ठेवलंस आणि न भांडता गेलीस, आणि आता मी एकटीच बरोबर आहे.

तुझी,
अस्मिता